हिंदुस्थानांत चहाचा प्रवेश : कांहीं साधनांची परीक्षा

(१)

चहा हें पेय आपल्या घराघरांत इतकें रुळलें आहे कीं, त्यास कांहीं इतिहास आहे ही गोष्टच सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यांच्या ध्यानांत येते त्यांचे दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो कीं, चहा इंग्रजांनीं आणला. तत्पूर्वीं या देशांत तो कोणास ठाऊक नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो कीं, चहा मूळचा आमचाच. आमच्याच भिक्षूंनीं तो चीनला नेला, आणि आसामांतील लोक पुरातन काळापासून तो पीत व खात आले आहेत. हे दोन्ही पक्ष आम्हीं व्याख्यानांतून ऐकले आहेत व छापील पुस्तकांतूनहि वाचले आहेत. दोहोंचा आधार कोणता, तो कितपत टिकतो, आणि त्यांतून जें शिल्लक राहतें तें काय सांगतें, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

विषय क्षुल्लक आहे अशी शंका कोणी घेईल. राज्यें, लढाया, तह यांच्या शोधांत गुंतलेल्या अभ्यासकांस पेयाच्या इतिहासाचें काय प्रयोजन? प्रयोजन असें कीं, ज्या कागदांतून अशा प्रश्नांचें उत्तर निघावयाचें ते घरगुती जमाखर्च, वैद्यांचीं बाडें, दुकानदारांच्या याद्या हे कागद आपल्या दप्तरांतून सर्वांत आधीं नाहींसे होतात. सनदेस कोणी हात लावीत नाहीं. वाणसामानाची यादी मात्र रद्दीच्या भावानें जाते. तेव्हां त्या यादींत काय शोधावयाचें हें आधीं ठरलें तर कदाचित् ती वांचेल.

(२)

प्रथम संस्कृत साधनें पाहूं. चरक व सुश्रुत यांत चहाचा निर्देश नाहीं. येथपर्यंत आश्चर्य नाहीं. त्या ग्रंथांच्या काळीं चीनमध्येंहि हें पेय मुख्यतः नैर्ऋत्येकडील प्रांतांपुरतें होतें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत परदेशांतून नव्यानें आलेल्या द्रव्यांस व रोगांस जागा दिली. फिरंगरोगाचें प्रकरण त्यांत आहे, आणि त्यावरील औषध म्हणून चोपचिनी ऊर्फ द्वीपान्तरवचा हिचें वर्णनहि आहे. ही चोपचिनी चीनकडूनच येत असे. म्हणजे चीनचें मूळ या ग्रंथकारास माहीत आहे, परंतु चीनचें पान माहीत नाहीं. त्याच शतकांत गोव्यास राहून गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें हिंदुस्थानांतील औषधींवर संवादरूप ग्रंथ लिहिला व तो गोव्यासच १५६३ मध्यें छापला. त्यांतहि चोपचिनीवर संवाद आहे, चहावर नाहीं. अबुल फजलानें आइने अकबरींत बादशाही आबदारखान्याचें प्रकरण घातलें आहे. गंगेचें पाणी, सोऱ्यानें पाणी गार करण्याची कृति, डोंगराकडून येणारें बर्फ हें सर्व तेथें आहे, चहा नाहीं.

मौनावरून सिद्धान्त काढूं नये हें आम्ही जाणतों. तथापि तीन भिन्न भाषांतील, भिन्न धर्मांचे, भिन्न हेतूनें लिहिणारे तीन चौकस लेखक एकाच शतकांत एकाच वस्तूविषयीं गप्प असतील, तर ती वस्तु त्यांच्या भोंवतालीं प्रचारांत नव्हती असें मानणें सयुक्तिक आहे. ज्या अर्वाचीन ग्रंथांत चहास 'श्यामपर्णी' असें संस्कृत नांव दिलेलें आढळतें, तें नांव अलीकडे घडविलेलें होय. जुन्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या एखाद्या पोथींत तें आढळल्यास पोथीचें वय वाढत नसून त्या पानाचें वय कमी होतें, असें समजावें.

एक अपवाद मात्र मोठा मनोरंजक आहे. चिनी यात्रेकरू ई-त्सिंग सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत इकडे आला व सुमारें दहा वर्षें नालंदेस राहिला. त्यानें ६९२ च्या सुमारास स्वदेशीं पाठविलेल्या वृत्तांतांत हिंदुस्थानांतील औषधोपचाराचें विवेचन आहे. त्यांत तो एका कडू मुळीच्या काढ्याबरोबर चहाचें नांव घेतो, ज्वरावर तोहि चांगला असें म्हणतो, आणि देश सोडल्यापासून वीसहून अधिक वर्षें एवढ्यावरच आपण शरीर सांभाळलें असें सांगतो. याच विवेचनांत चीनच्या औषधी पश्चिमेकडे मिळत नाहींत असाहि त्याचा अभिप्राय आहे. दोन्ही वाक्यें जुळवून पाहिलीं म्हणजे निष्कर्ष असा निघतो कीं, नालंदेच्या परिसरांत त्या काळीं कोणी चहा प्याला असेल, तर तो परक्या भिक्षूच्या झोळींतला होता. या भूमींतला नव्हता.

(३)

आतां दुसऱ्या पक्षाचा मुख्य आधार पाहूं. तो म्हणजे बोधिधर्माची कथा. हा भिक्षु हिंदुस्थानांतून चीनमध्यें गेला. ध्यानांत बसला असतां झोंप अनावर झाली म्हणून त्यानें आपल्या पापण्या कापून टाकिल्या. त्या जेथें पडल्या तेथें चहाचें झाड उगवलें. ही कथा युरोपांत प्रसिद्ध केली ती केंफर या जर्मन वैद्यानें. तो १६९० ते १६९२ पर्यंत जपानांत होता व त्याचा ग्रंथ १७१२ मध्यें निघाला. बोधिधर्माचा काळ इसवी सनाचें पांचवें अथवा सहावें शतक असा धरतात. आतां चिनी साधन पाहा. इ. स. पूर्व ५९ मध्यें वांग पाओ नांवाच्या लेखकानें एक दासखरेदीचा करारनामा विनोदानें लिहिला. दासानें कोणतीं कामें करावीं याची त्यांत लांबलचक यादी असून, 'तू' नांवाची वनस्पति उकळणें व ती एका विशिष्ट गांवच्या बाजारांतून विकत आणणें हीं दोन कामें त्यांत आहेत.

येथें लिपीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आपल्या वाचकांस रुचेल असा आहे. जुन्या चिनी लेखांत चहासाठीं स्वतंत्र अक्षर नव्हतें. 'तू' हें अक्षर एका कडू भाजीचें. तेंच चहासाठींहि वापरीत. आठव्या शतकांत त्या अक्षरांतील एक रेघ गाळून चहाचें निराळें अक्षर रूढ झालें. त्यामुळें त्यापूर्वींच्या लेखांत 'तू' म्हणजे भाजी कीं चहा, हें संदर्भावरून ठरवावें लागतें. वांग पाओच्या करारांत ती वस्तु दूरच्या बाजारांतून विकत आणावयाची आहे. रानांत मिळणारी भाजी कोणी असें करून आणीत नाहीं. म्हणून तेथें चहाच असावा असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. या मतास अलीकडे भूगर्भांतून दुजोरा मिळाला. इ. स. पूर्व १४१ मध्यें वारलेल्या चिंग या हान सम्राटाच्या समाधीजवळील खड्ड्यांत वनस्पतींचे जे अवशेष सांपडले, त्यांत चहाच्या कळ्या होत्या, असें रासायनिक परीक्षेवरून २०१६ मध्यें जाहीर झालें. म्हणजे बोधिधर्माच्या जन्माआधीं सहा-सातशें वर्षें चीनचे सम्राट् चहा बरोबर घेऊन पुरले जात होते. कथा सुंदर आहे. जागरणाचें साधन म्हणून भिक्षूंनीं चहा जवळ केला, हें सत्य तींत गुंफलेलें आहे. परंतु उत्पत्तीचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी होय.

चीनमध्यें चहाचें शास्त्र बनविलें तें आठव्या शतकांतील लू यू यानें. त्याचा ग्रंथ तीन भागांचा व दहा प्रकरणांचा असून आपल्याकडील सूत्रग्रंथांप्रमाणें आटोपशीर आहे. झाड, हत्यारें, पाला वाफवून कुटून वड्या करण्याची रीत, भांडीं, पाणी, पिण्याचा विधि असा त्याचा क्रम आहे. पाण्यांत डोंगरी झऱ्याचें उत्तम, नदीचें मध्यम, विहिरीचें कनिष्ठ. चिमूटभर मीठ त्यास चालतें. परंतु कांद्याची पात, आलें, खजुरासारखें फळ, संत्र्याची साल, पुदिना हीं घालून जे उकळतात त्यांचा चहा गटारांत ओतण्याच्या लायकीचा, असें तो बजावतो. ज्या अर्थीं तो निषेध करतो त्या अर्थीं असा मसाल्याचा चहा त्या काळीं सर्रास होत होता हें उघड आहे. निषेधावरून प्रचार अनुमानणें ही धर्मशास्त्राच्या अभ्यासकांची नेहमींची रीत. ती येथेंहि उपयोगीं पडते.

पुढें चहा करण्याच्या रीती बदलत गेल्या, आणि त्या आपल्या आयुर्वेदांतील कल्पनांच्या भाषेंत फार स्वच्छपणें सांगतां येतात. लू यूच्या काळीं वडी भाजून, पूड करून ती उकळीत, हा क्वाथ. सुंग राजवटींत पूड पेल्यांत घालून वर कढत पाणी ओतून बांबूच्या कुंचल्यानें घुसळीत, हा मन्थ. हुइचुंग या सम्राटानें स्वतः या रीतीवर प्रबंध लिहिला, आणि एइसाइ नांवाच्या भिक्षूनें ११९१ मध्यें ती जपानांत नेली. तेथें ती अद्याप जिवंत आहे. पुढें मिंग घराण्याच्या संस्थापकानें १३९१ मध्यें वड्यांच्या रूपांतील खंडणी बंद करून सुटा पाला मागविला, आणि पाल्यावर कढत पाणी ओतून तो गाळण्याची रीत सार्वत्रिक झाली, हा फाण्ट. शार्ङ्गधर मन्थास फाण्टाचाच एक भेद मानतो. आपण आज जो चहा करतों, म्हणजे पाणी, दूध, साखर व पूड एकत्र उकळतों, तो यांपैकीं कशांतहि बसत नाहीं. तो क्षीरपाकाच्या जवळचा आहे. चहाचा जो प्रकार एखाद्या कागदांत सांपडेल तो यांपैकीं कोणत्या वर्गांतला हें पाहिलें, तर तो कोणत्या वाटेनें आला याचा तर्क पुष्कळ अंशीं करतां येतो. त्या वाटा तीन आहेत.

(४)

पहिली वाट उत्तरेची. तिबेटांत चहा चीनच्या पश्चिम प्रांतांतून दाबलेल्या विटांच्या रूपानें जाई. पश्चिम तिबेटांतील ङारी भागांतल्या एका स्मशानांत सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचे चहाचे अवशेष मिळाले आहेत. हा शोधहि २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. हा भाग लदाखला लागूनच आहे. लदाखविषयीं तर लेखी पुरावा आहे. १६८४ मध्यें, म्हणजे शके १६०६ मध्यें, लदाख व ल्हासा यांच्यामध्यें तिंगमोसगांग येथें तह झाला. त्याचीं कलमें लदाखच्या राजवंशावळींत आलीं आहेत. त्यांत ल्हासाच्या सरकारनें दरसाल दोनशें ओझीं चहा लदाखकडे पाठवावा असें एक कलम आहे. रायगडावर संभाजी महाराज राज्य करीत होते त्या वर्षीं हिमालयांत चहा हा तहनाम्याचा विषय झालेला होता, ही गोष्ट "चहा इंग्रजांनीं आणला" म्हणणाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

या चहाचें सविस्तर वर्णन विल्यम मूरक्रॉफ्ट यानें केलें आहे. तो १८२० ते १८२२ पर्यंत लेह येथें होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचीं टिपणें प्रसिद्ध संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन यांनीं संपादून १८४१ मध्यें छापविलीं. विटेचा तुकडा सोड्याबरोबर उकळून, त्यांत मीठ व लोणी घालून लांबट रवींत घुसळावयाचा. म्हणजे आधीं क्वाथ, मग मन्थ. घुसळतांना होणाऱ्या आवाजावरून लदाखांत यास 'गुरगुर चा' म्हणतात. आम्हीं ही कृति घरीं एकदां करून पाहिली. चहा म्हणून तोंडास लाविली तर ती सोसत नाहीं. पातळ सार समजून घेतली तर थंडींत उत्तम लागते. पेयाची चव देखील त्याच्या नांवानें आधींच बांधलेली असते, याचा हा एक प्रत्यय.

(५)

दुसरी वाट पश्चिम समुद्राची, व ती आपणांस अधिक जवळची. येथें लिन्स्कोटेन या डच मनुष्याची साक्ष महत्त्वाची आहे. कारण दुसरा पक्ष आपला दुसरा आधार याच्याच नांवावर सांगतो. आसामांतील लोक चहाच्या पानांची लसूण व तेल घालून भाजी करून खातात, असें लिन्स्कोटेननें १५९८ मध्यें लिहिलें आहे, असें विधान एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे. वस्तुस्थिति अशी कीं, लिन्स्कोटेन १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं होता. आसामांत तो कधींहि गेला नाहीं. त्याचा ग्रंथ डच भाषेंत १५९६ मध्यें निघाला, आणि १५९८ हें त्याच्या इंग्रजी भाषांतराचें साल होय. त्यांत चहाचा उल्लेख आहे तो जपानच्या वर्णनांत. जेवणानंतर जपानी लोक 'चा' नांवाच्या वनस्पतीची पूड कढत पाण्यांत घालून पितात, मोठमोठे गृहस्थ ती स्वहस्तें तयार करतात, आणि तीसाठीं लागणारीं मातीचीं जुनीं भांडीं युरोपीय लोक जसे हिरेमाणकें जपतात तशीं जपतात. भांड्याचें मोल नवेपणांत नसून जुनेपणांत व कारागिराच्या नांवांत असतें, असें तो सांगतो. जीर्ण वस्तूंच्या संग्राहकांस इतकी सहानुभूतीची साक्ष परक्या मनुष्याकडून क्वचितच मिळाली असेल.

लसूण व तेल यांची गोष्ट मग आली कोठून? ब्रह्मदेशांत चहाचीं पानें मुरवून, तेल, लसूण, तीळ इत्यादिकांबरोबर खाण्याची चाल आहे. त्यास तिकडे लाफेट म्हणतात. म्हणजे वर्णन खऱ्या चालीशीं जुळणारें आहे. त्याला चिकटविलेलें नांव व साल मात्र लटकें आहे. असें मिश्रण शुद्ध खोट्यापेक्षां अधिक घातक. कारण तपासणारा अर्धें खरें पाहून थांबतो. उलट, लिन्स्कोटेनच्या साक्षीचा खरा उपयोग निराळाच आहे. गोव्यांत पांच वर्षें राहून इकडील अन्नपाण्याचें बारीक वर्णन करणारा हा मनुष्य चहा म्हणतांच जपानकडे बोट दाखवितो. ऑर्ताच्या मौनास ही पुरवणी होय.

पन्नास वर्षांनंतर चित्र बदललेलें दिसतें. मांडेल्स्लो हा जर्मन गृहस्थ १६३८ मध्यें सुरतेस इंग्रजांच्या वखारींत होता. वखारीच्या नित्याच्या बैठकींत चहाच पीत असत, तो हिंदुस्थानांत एतद्देशीय व युरोपीय या दोहोंतहि सर्वत्र चालतो, आणि पोट साफ होण्यास तो हितकर मानतात, असें त्याच्या ग्रंथांत आहे. येथें साधनाची जात पाहिली पाहिजे. मांडेल्स्लो १६४४ मध्यें वारला. त्याचा वृत्तांत त्याचा मित्र ओलेआरियस यानें संपादिला. पुढें फ्रेंच भाषांतर करतांना विकफोर्ट यानें इतर ग्रंथांतील मजकूर त्यांत पुष्कळ घातला. आणि १६६२ चें इंग्रजी भाषांतर या परंपरेंतलें आहे. तेव्हां "सर्वत्र" हा शब्द अक्षरशः घेऊं नये. सुरतेच्या वखारींत चहा होता एवढें मात्र निःशंक धरावें.

तिसरा साक्षीदार ऑव्हिंग्टन हा पाद्री. तो १६८९ मध्यें विलायतेहून निघाला, मुंबईवरून सुरतेस गेला, आणि तेथील वखारींत राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १६९६ मध्यें व चहावरील निबंध १६९९ मध्यें छापला गेला. सुरतेचे वाणी चहा फार पितात असें तो म्हणतो. कांहीं गरम मसाले घालून तो डोकेदुखी, मूतखडा व पोटांतील कळ यांवर घेतात, आणि त्यांत खडीसाखर किंवा मुरविलेलें लिंबू घालण्याचीहि चाल आहे, असें त्याचें वर्णन आहे. दुधाचें नांव नाहीं. हा फाण्ट आहे, क्षीरपाक नव्हे. आणि तो मुख्यतः औषध आहे. लवंग, आलें, खडीसाखर व लिंबाचा मुरंबा घालून आम्हीं तो करून पाहिला. सर्दीच्या दिवसांत तो कोणासहि आवडेल. परंतु तेवढ्यावरून आजचा मसाल्याचा चहा सुरतेच्या वाण्यांपासून अखंड चालत आला असें कोणी म्हणूं लागल्यास मधल्या दोनशें वर्षांचे कागद त्यास दाखवावे लागतील. लू यूनें निषेधिलेलें आलें सुरतेस पुन्हां भेटतें म्हणून दोहोंत संबंध जोडतां येत नाहीं. कडू पाल्यांत सुगंधी द्रव्य घालावें हें निरनिराळ्या देशीं निरनिराळ्या माणसांस सुचणें अगदीं स्वाभाविक आहे.

ऑव्हिंग्टन आपल्या निबंधांत चहाचे तीन प्रकार सांगतो : बोही, सिंग्लो व बिंग. यांपैकीं बोही म्हणजे फूकिएन प्रांतांतील वूयी डोंगर, आणि सिंग्लो म्हणजे आन्हवे प्रांतांतील सुंगलो डोंगर; चिनी गांवांचीं नांवें खलाशांच्या तोंडीं अशीं वाकलीं. काळा चहा व हिरवा चहा हीं दोन निरनिराळीं झाडें, अशी युरोपीय पंडितांची समजूत पुष्कळ काळ होती. खुद्द लिनियसनें १७६२ मध्यें दोहोंस दोन शास्त्रीय नांवें दिलीं. झाड एकच, फरक पाला वाळविण्याच्या व आंबविण्याच्या कृतींत, हें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमध्यें हिंडून १८४० नंतरच्या दशकांत प्रत्यक्ष पाहून सांगितलें. तेव्हां एखाद्या जुन्या यादींत चहाच्या नांवापुढें अनोळखी शब्द आढळला, तर तो प्रथम चिनी डोंगराचें नांव म्हणून तपासावा.

मुंबईचा संबंध आलाच आहे तर एक लोकप्रिय समजूतहि येथेंच तपासूं. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या राजास दिली गेली व तिच्याबरोबर मुंबई बेट आंदण गेलें. तिनेंच इंग्लंडांत चहा नेला, असें सांगतात. परंतु लंडनच्या वृत्तपत्रांत १६५८ मध्येंच चहाची जाहिरात आहे, आणि पीप्स यानें २५ सप्टेंबर १६६० रोजीं आपण चहा मागविल्याची नोंद रोजनिशींत केली आहे. राणीनें चहास दरबारीं प्रतिष्ठा दिली, एवढेंच म्हणतां येईल.

(६)

तिसरी वाट पूर्वेची. येथें मात्र चहा बाहेरून आला नाहीं, झाडच तेथलें. आसामच्या पूर्व टोंकास राहणारे सिंगफो लोक रानांतील चहाचीं पानें भाजून, उन्हांत वाळवून, बांबूच्या नळींत ठांसून ती नळी चुलीवरच्या धुरांत ठेवितात. त्यास ते फालाप म्हणतात. रॉबर्ट ब्रूस यास १८२३ मध्यें हें झाड दिसलें तें सिंगफोंचा सरदार बिसा गाम याच्या प्रदेशांत. "ब्रूसनें चहाचा शोध लाविला" असें पाठ्यपुस्तकांतून शिकवितात. आम्हींहि वर्गांत तीं वाक्यें मुलांकडून वाचवून घेतलीं आहेत. ज्या झाडाचा पाला बिसा गामाचे लोक पीतच होते, त्याचा शोध लागला तो कोणास, हा प्रश्न त्या पुस्तकांत नसतो.

चीनशीं व्यापार करण्याचा कंपनीचा एकाधिकार १८३३ च्या कायद्यानें गेला, आणि लगेच १८३४ मध्यें बेंटिंकनें हिंदुस्थानांत चहा पिकविण्यासाठीं मंडळ नेमिलें. त्याच वर्षाअखेर आसामचें झाड खरें चहाचें झाड म्हणून मान्य झालें. आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लिलांव लंडनमध्यें १० जानेवारी १८३९ रोजीं झाला. त्याच सालीं आसाम कंपनी निघाली. तिचा दिवाण मणिराम दत्त यानें पुढें नोकरी सोडून स्वतःचे मळे लाविले. चहाचा मळा व्यापारासाठीं लावणारा तो पहिला हिंदी मनुष्य. सत्तावनच्या उठावांत सामील असल्याच्या आरोपावरून त्यास २६ फेब्रुवारी १८५८ रोजीं जोरहाट येथें फांशीं दिलें. पुढच्याच वर्षीं, १८५९ मध्यें, करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षा ठोठावणारा कायदा झाला, आणि दूरदूरच्या प्रांतांतून नेलेले मजूर मळ्यांवर अशा कायद्यांनीं बांधले गेले. वांग पाओच्या विनोदी करारनाम्यांतील दास चहा उकळतो. एकोणिसाव्या शतकांतील करारांत विनोद उरला नव्हता.

एवढें होऊनहि हा चहा आपल्या लोकांसाठीं नव्हता. तो विलायतेस जात असे. त्यास गिऱ्हाईक येथेंच मिळवावें असा उद्योग पद्धतशीरपणें सुरू झाला तो १९०३ च्या चहा-कर कायद्यानंतर. स्टेशनांवर, गिरण्यांतून, बाजारांत चहा करून दाखविण्यांत आला. १९३० मध्यें आसामांतील एका मळ्यावर पाला चुरडून, फाडून, वळून त्याचे बारीक दाणे करणारें यंत्र निघालें, व पुढें त्या दाण्यांच्या प्रसारानें थोड्या पुडींत गडद व कडक चहा होऊं लागला. दूध व साखर पेलण्यास हाच चहा योग्य. पुण्याच्या पेठांतील दुकानांवर जी 'अमृततुल्य' अशी पाटी आपण वाचतों, ती या शेवटच्या प्रकाराची. ज्या पेयास संस्कृतांत नांवच नव्हतें, त्यास इतकें निर्दोष संस्कृत विशेषण मिळालें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

(७)

आतां शब्दाची साक्ष. जगांतील बहुतेक भाषांत चहाचीं नांवें दोनच घराण्यांचीं आहेत. चीनच्या अमॉय बंदराच्या बोलींतील 'ते' डचांनीं नेला. त्यावरून इंग्रजी व फ्रेंच नांवें झालीं. कँटन व उत्तर चीन यांतील 'चा' पोर्तुगीजांनीं मकावहून उचलला, आणि खुष्कीच्या मार्गानें तोच फारसींत 'चाय' झाला. हिंदुस्थानांतील देशी भाषा पुष्कळशा दुसऱ्या घराण्यांतल्या. मराठींत 'चहा', पंजाबी व आसामींत 'चाह', गुजराथी व बंगालींत 'चा', हिंदींत 'चाय'. पेय जर इंग्रजांनींच प्रथम दाखविलें असतें, तर कप या शब्दाप्रमाणें सर्वत्र इंग्रजांचेंच नांव ऐकूं यावयास पाहिजे होतें. तेव्हां नांव आशियांतील व्यापाऱ्यांच्या अथवा पोर्तुगीजांच्या तोंडून आलें. संवय मात्र पुष्कळ उशीरां आली. शब्दाचें वय आणि चालीचें वय एक नसतें, ही गोष्ट विसरल्यामुळेंच वर सांगितलेले दोन्ही पक्ष जन्मास आले आहेत.

सारांश, चहा हिंदुस्थानांत इंग्रजांच्या मळ्यांपूर्वीं तीन ठिकाणीं होता : लदाखांत अन्न म्हणून, सुरतेस औषध म्हणून, आणि सिंगफोंच्या रानांत घरचें पेय म्हणून. परंतु या तिहींपैकीं कोणतीहि चाल पसरून आजची सार्वत्रिक चाल झाली असें दिसत नाहीं. ती विसाव्या शतकांतील व्यापारानें घडविली. पहिला पक्ष चालीविषयीं बरोबर व वस्तूविषयीं चूक. दुसरा वस्तूविषयीं थोडा बरोबर, परंतु आधार सर्वस्वीं चुकीचे देणारा.

ज्यांच्या संग्रहीं सतराव्या-अठराव्या शतकांतील कोंकण, सुरत अथवा वसई प्रांताचे जमाखर्च, गलबतांच्या मालाच्या याद्या किंवा वैद्यकीय बाडें असतील, त्यांनीं तीं या दृष्टीनें एकदां चाळावीं अशी आमची विनंति आहे. वाचतांना तीन गोष्टी सांभाळाव्या. फारसी कागदांत 'चाह' म्हणजे विहीर. जमिनीच्या वर्णनांत तो शब्द आला तर चहाचा भ्रम होऊं देऊं नये. वैद्याच्या बाडांत 'चहा' आढळल्यास तो गवती चहा नाहीं ना, हें बरोबरच्या द्रव्यांवरून ताडून घ्यावें. आणि शब्द सांपडला म्हणजे तेवढीच ओळ न उतरतां मिति, प्रमाण, किंमत व शेजारच्या चार जिनसांसह ती उतरावी. कारण चहा केशर-कस्तुरीच्या ओळींत आहे कीं साखर-सुपारीच्या, यावरून तो औषध होता कीं पेय, हें ठरेल. असा एक दिनांकित कागद वरील सर्व परदेशी साक्षीदारांपेक्षां अधिक मोलाचा होईल; आणि त्यानें आमचें एखादें विधान खोडलें गेलें, तरी तो ज्याच्या दप्तरांतून निघेल त्याचे आम्ही आभारीच राहूं.